टिंब

धोटा पुरस्कार म्हणजे काय,
हे आताच्या शालवाल्यांना सांगून कळायचं नाही.
साखर पेठेत, विडीच्या वखारीवरच्या वाचनालयात
राजमल्लू जॉबरनं तो काढला, तेव्हा
माणशी एक आणा वर्गणी होती
आणि परीक्षक तिघं: जॉबर, एक मास्तर, एक न्हावी.

नियम एकच.
जेवणाच्या सुट्टीत साच्याला टेकून
पुस्तक मोठ्यानं वाचायचं.
ज्याच्यापायी भाकरीचं फडकं सोडायचं राहील
आणि भोंगा उपाशीपोटी ऐकावा लागेल,
ते पहिलं.

बक्षीस एक चादर. जेकार्ड, दुरंगी.
काठाला पुस्तकाचं नाव, मधोमध लिहिणाऱ्याचं.
सोबत पाव शेर शेंगाचटणी;
ती नियमात नव्हती, पण चुकली नाही कधी.

नावं मी पाडायचो.
मी लिंगय्या येमूल, कार्ड-पंचर.
आखीव कागदावर अक्षर चौकटीत बसवायचं,
चौकटी मोजून पुठ्ठ्याला भोकं.
घरात तेलुगू, गल्लीत कानडी,
मराठी मला अशी ठोक्याठोक्यानं आली.
‘ज्ञ’ला किती भोकं लागतात
हे मास्तरांना कुठं ठाऊक होतं?

एका साली निकालावरून जुंपली
आणि न्हाव्यानं मास्तरांना अर्ध्या दाढीवर उठवलं.
संपाच्या साली सूतच नव्हतं,
इरण्णा तोळणूरेला नुसती कार्डं दिली, दोरीत ओवून.
‘सूत आलं की विणून घे बे.’
ती त्याच्या खुंटीला शेवटपर्यंत होती,
वारा आला की वाजायची म्हणे.

हळूहळू पुण्याचे छापखाने
पुस्तकावर चादरीचं चित्र टाकू लागले.
इकडे विडीच्या कारखान्यात बायका
सुपात पानं घेऊन कथेतल्या माणसांवर भांडायच्या,
हजाराचा हिशेब चुकायचा.
आमच्या आळीत एका वर्षात नऊ यामिनी जन्मल्या.

आणि मग नागमणी कोंडा.
स्वतः विडी वळणारी. बोलायची ती, उतरवायची मुलगी.
तिचं वाचलं त्या दिवशी
फडकी तशीच परत घरी गेली.

रात्री लाइट नव्हती. कंदील, आणि माझी पेंग.
‘कों’वरच्या टिंबाची चार भोकं.
चारच.
ती राहिली.

गड्ड्याच्या दिवसांत, भरल्या मांडवात
चादर उलगडली: नागमणी कोडा.
मी खांबामागं.
तिनं बोटानं अक्षर अन् अक्षर चाचपलं,
जिथं टिंब हवं तिथं बोट थांबलं.
माइकजवळ जाऊन म्हणाली,
‘कोंडा सासरचा. हे कोडा माझं.’
पुढची चारी पुस्तकं त्याच नावानं.

आता त्यावर प्रबंध आहे, जाडजूड.
विद्यापीठातली मुलगी घरी येऊन वाचून गेली:
अनुस्वाराचा त्याग म्हणजे
नाकातून बोलायला लावणाऱ्या व्यवस्थेला नकार.
मी चहा पुढं केला.
काय बोलणार? खरंच असेल.
चादर पांघरली की आतून नाव उलटं दिसतं,
माझी बाजू कायम तीच होती.

गिरणी गेली. चिमणी पाडली तेव्हा
धूळ माझ्या चष्म्यापर्यंत आली.
पुरस्कार मात्र आहे: सभागृहात, एसीत,
काचेचा धोटा, पाकीट, आमदारांचं भाषण.
परीक्षक हॉटेलात वाचतात.
कुणाची भाकरी राहून जाते का, विचारलं नाही मी.

यंदा पंच्याहत्तरावं.
सगळ्या नावांची एक मोठी चादर करायची ठरलीय,
कॉम्प्युटरवर, एमआयडीसीत.
पोरगा यादी घेऊन आला तपासायला,
गुडघ्यावर लॅपटॉप, पडद्यावर तीच चौकट.
‘आजोबा, हे चुकलंय ना? कोंडा हवं.
कागदोपत्री तसंच आहे. टाकू टिंब?’

त्याचं बोट कळीवर.
बाहेर पॉवरलूमचा खडखडाट, एखादाच, दूरवर.

म्हटलं, थांब.
तिथं भोक नाही.